सव्वादोन रुपये

2011 च्या एप्रिलमध्ये मी आजीचे 31 चांदीचे रुपये जळगावच्या सराफ बाजारात विकले. मोजून नाही, तोलून. चांदी त्या आठवड्यात किलोमागे 70 हजारांच्या पुढे गेली होती आणि पेढीवर माझ्यासारख्यांची रांग लागली होती. कुणाचे वाळे, कुणाची निरांजनं, कुणाचं चेपलेलं तबक. सराफाने रुपये ताटलीत ओतले, टंच धरला, घट धरली आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मी मान हलवली. दहा मिनिटांचं काम. खरं तर रुपये 32 होते. एक त्याने बोटाने बाजूला सारला, कारण त्याला माळेची कडी डागलेली होती. "हा राहू द्या भाऊ, डागाने टंच खाली येतो." तो मी खिशात टाकला.

त्या पैशांत मी अमेरिकेतून एक चांदीचा डॉलर मागवला. 1884 चा, कार्सन सिटी टाकसाळीचा. उरलेल्यात आणखी दोन साधे डॉलर बसले. घरी आईला सांगितलं, रुपये लॉकरमध्ये ठेवलेत. दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी तिने मागितले तेव्हा म्हणालो, लॉकर उघडायला जमलं नाही. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मीच दुकानातून लक्ष्मीचं चित्र असलेलं नवं नाणं आणून चौरंगावर ठेवलं. तिने ते उचलून पाहिलं, परत ठेवलं आणि काही बोलली नाही. 2014 ला आई गेली. रुपयांचं तिला कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मी बँकेत कॅशियर होतो, 33 वर्षं. दुसऱ्याचे पैसे मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाचा एखादा वेडा नाद लागतो, तसा मला डॉलरचा लागला. 2003 मध्ये न्यूजर्सीला असलेल्या पुतण्याने भेट म्हणून एक आणून दिला. 1921 चा मॉर्गन डॉलर. तळहातावर ठेवला आणि हात खाली गेला, एवढं ते जड. 26.73 ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून जास्त. एका बाजूला पंख पसरलेला गरुड, दुसऱ्या बाजूला एका बाईचं भरघोस तोंड. जॉर्ज मॉर्गन नावाच्या इंग्रज कोरकाराने ते कोरलं. त्यासाठी फिलाडेल्फियातली ॲना विलेस विल्यम्स ही तरुणी त्याच्यासमोर बसली होती, पुढे ती शिक्षिका झाली. पण मला धरून ठेवलं ते तिच्या केसांनी. भिंगातून पाहिलं तर केसांत गव्हाच्या ओंब्या खोवलेल्या, आणि त्यांच्या शेजारी कापूस. आमचं घराणं धरणगावकडचं, चार पिढ्या कापूस विकून जगलेलं. अमेरिकेच्या पैशावर कापूस पाहून मी जो हरखलो, तो पुढची तेरा वर्षं भानावर आलो नाही.

ही मालिका 1878 ते 1904, मग एकदम 1921. पाच टाकसाळी. कुठल्या टाकसाळीचा डॉलर, हे मागच्या बाजूला माळेच्या गाठीखालच्या बारीक अक्षरावरून कळतं. सालं आणि टाकसाळी मिळून शंभराच्या जवळपास नाणी होतात. त्यांचा निळ्या पुठ्ठ्याचा अल्बम येतो, प्रत्येक नाण्याला एक गोल भोक. रिकामं भोक माणसाचं काय करतं, हे ज्याने असला अल्बम घेतला त्यालाच ठाऊक. माझी 40 भोकं भरली होती. 1893 चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर एक लाखच पाडला गेला, त्यामुळे तो लाखमोलाचा. तो मला एका विक्रेत्याने फारच स्वस्तात दिला, आणि मी घेतला. सराफाच्या काट्यावर ठेवला तर 23 ग्रॅमलाच काटा थांबला. चांदी नव्हतीच. बँकेत खोट्या नोटा पकडणारा माणूस मी! ते नाणं अजून टेबलाच्या खणात आहे, कुणाला दाखवत नाही.

या सगळ्या काळात आपल्या चांदीच्या रुपयाबद्दल माझं मत अगदी स्पष्ट होतं. ते नाणं नव्हे, ती मोड. आमच्या सराफ बाजारात राणीछाप, राजाछाप पिशव्यांनी येतात आणि तोलून जातात. विटा-खानापूरकडचे गलाईवाले त्यांची मूस लावतात. ज्या घरांत शिल्लक आहेत, तिथे बायका दर दिवाळीला त्यांना चिंच लावून राखेने घासतात. शंभर वर्षं चिंच खाल्लेल्या राणीच्या नाकाडोळ्याचं काय उरणार? सातपुड्याकडे, शिरपूरच्या वर, पावरा आणि भिल्ल बायकांच्या गळ्यात रुपयांच्या माळा असतात, म्हणजे प्रत्येक रुपयाला कडी डागलेली. संग्राहकाच्या लेखी असलं नाणं मेलेलंच. आईला मी एकदा यावरून चांगलं झापलं होतं. "घासून घासून किंमत घालवतेस," म्हणालो. ती म्हणाली, "मला कुठे विकायचेत?"

मत बदललं ते 2016 च्या पावसाळ्यात, आणि तेही डॉलरच्याच वाटेने. मला एक गोष्ट सतावत होती. 1904 नंतर 16 वर्षं एकही मॉर्गन डॉलर नाही, आणि मग 1921 या एका वर्षात तीन टाकसाळींतून कोट्यवधी. असं का? डॉलरवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं होतं. किमतींचे तक्ते तेवढे वाचायचो, प्रस्तावना कधी वाचली नव्हती. त्या दिवशी वीज गेली होती, इन्व्हर्टरवर एक दिवा होता, आणि प्रस्तावनेत पाहतो तर पानापानावर 'इंडिया'.

पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून कापूस, ताग, धान्य, कातडी उचलत होतं. मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी फौजेचा खर्चही रुपयांतच होता. रुपये पाडायला चांदी हवी आणि चांदीचा भाव जगभर चढलेला. सरकारने 30 नोव्हेंबर 1917 ला एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलं, म्हणजे लोकांनी कागदाला रुपया समजावं. लोक कसले समजतात! गावोगाव नोटेवर बट्टा लागू लागला. आमच्या घरात एक गोष्ट चालत आली आहे. पणजोबांनी कापसाच्या गाड्या जळगावला आणल्या, व्यापाऱ्याने नोटा पुढे केल्या, आणि पणजोबा गाड्या तशाच घेऊन रात्रभर बाजारात बसून राहिले. रोकडा द्या, नाहीतर कापूस परत. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेल, पण ती कुठल्या मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे हे साठीनंतर कळलं. 1918 च्या वसंतात मुंबईच्या करन्सी ऑफिसवर नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची झुंबड उडाली आणि सरकारी तिजोरीतली चांदी तळाला गेली. तिजोरी रिकामी व्हायला शेअर बाजारवाले लागले नाहीत. माझ्या पणजोबासारखे हटवादी कापूसवाले पुरेसे होते.

अमेरिकेच्या तिजोरीत मात्र डॉलर थैल्यांनी पडून होते. तिकडच्या लोकांना इतकं जड नाणं खिशात नको असायचं. नेवाडा राज्याचा सिनेटर की पिटमन याने कायदा आणला आणि तो 23 एप्रिल 1918 ला मंजूर झाला. त्याप्रमाणे 27,02,32,722 डॉलर आटवले गेले. त्यांतल्या 25,91,21,554 डॉलरांची चांदी, शुद्ध चांदीच्या औंसाला एक डॉलर या भावाने, हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली. चांदी लाद्यांच्या रूपात इकडे आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये पडले. 1918 आणि 1919 या दोन्ही वर्षांत प्रत्येकी 40 कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. कोणत्या सालचे आणि कोणत्या टाकसाळीचे डॉलर मुशीत गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणूनच अमेरिकन संग्राहकाला आजही छातीठोक सांगता येत नाही की कुठल्या सालचे किती उरले. आणि या कायद्यातच अट होती की आटवले तेवढे डॉलर पुन्हा पाडायचे. 1921 च्या ढिगाचं कारण ते. पुतण्याने दिलेला तो पहिला डॉलर, ज्याला मी पुढे 'मालिकेतला कचरा' म्हणू लागलो होतो, तो आपल्या रुपयांची भरपाई म्हणून जन्माला आला होता.

कॅशियरची खोड जात नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाठीमागे हिशेब मांडला. डॉलरचं वजन 412.5 ग्रेन, त्यात नऊ दशांश चांदी, म्हणजे 371.25 ग्रेन. रुपया एक तोळ्याचा, 180 ग्रेन, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे 165. भागाकार केला. उत्तर आलं 2.25. पुन्हा केला. बरोबर सव्वादोन, शेष शून्य. चार डॉलर आटवले की नऊ रुपये. त्या हिशेबाने हिंदुस्थानसाठी आलेल्या चांदीतून 58 कोटींवर रुपये पडू शकले असते. बँकेत सायंकाळी रोकड पैशाला पैसा जुळली की कसं वाटायचं, तसं क्षणभर वाटलं. मग आठवलं, ते 31.

त्या रुपयांवरची सालं मी वाचली नव्हती. राजाछाप होते एवढंच आठवतं, आणि बरेचसे चांगले ठसठशीत होते. पणजोबांनी हट्टाने घेतलेले, म्हणजे त्याच एकदोन वर्षांतले असण्याचा संभव दांडगा. पण संभवच. मी 13 वर्षं ज्या मालिकेमागे धावलो, तिचाच अर्धा देह माझ्या आजीच्या चंचीत असेल. तो मी गलाईला घातला आणि तिच्याच शिल्लक अर्ध्यातला एक तुकडा विकत आणला. नेवाडाच्या खाणीतली चांदी एकदा डॉलर झाली, दुसऱ्यांदा रुपया झाली, तिसऱ्यांदा मी तिला मूस दाखवली. त्या एप्रिलमध्ये तिची कदाचित कुणासाठी पैंजणं झाली असतील.

माझ्या लेखी आटणी म्हणजे नाण्याचं मरण होतं. पण माझ्या अल्बमातल्या कित्येक डॉलरांना भाव होता तोही आटणीनेच आलेला. कोट्यवधी आटले म्हणून उरलेल्यांना भाव. हा भाग पचायला मला वेळ लागला. चिंचेने झिजलेली राणी पाहून मी नाक मुरडायचो आणि मुशीत गेलेल्या 27 कोटी डॉलरांच्या जिवावर माझा अल्बम मिरवायचो.

दुसऱ्या आठवड्यात त्याच सराफाकडे गेलो. त्याला अर्थातच काही आठवत नव्हतं. "रुपये आहेत का बघायला?" म्हटलं. त्याने एक पुडी ओतली. मी भिंग लावून बसलो. पंचम जॉर्जच्या रुपयाची मागची बाजू पाहावी लागते. वेलबुट्टीच्या तळाला कमळ आहे. त्याच्या खाली बारीक उठावाचा टिंब असेल तर मुंबई, नसेल तर कलकत्ता. त्या पुडीत 1918 आणि 1919 सारखे हाताला येत होते, टिंबाचे आणि बिनटिंबाचे. मी सहा निवडले. 1920 चा एक. 1911 चा मिळाला नाही. त्याची वेगळीच गंमत आहे. राजाच्या झग्यावरच्या हारात हत्ती आहे, पण त्याची सोंड इतकी तोकडी कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. सराफ म्हणाला, "हे तर रोजचे रुपये आहेत भाऊ, यात काय शोधता?" त्याला सांगणार होतो. पण मागे गिऱ्हाईकं उभी होती, आणि मुख्य म्हणजे सांगायला सुरुवात केली असती तर 2011 पर्यंत यावं लागलं असतं.

सांगितलं ते धुळ्याच्या आत्याला. आजीच्या रुपयांतले आठ तिच्या वाट्याला गेले होते. मी एस.टी.ने एरंडोल-पारोळा करत धुळ्याला गेलो. आत्याचं घर चार नंबर गल्लीत. कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या या सरळ गल्ल्यांत नवखा माणूसही चुकत नाही, मी मात्र त्या दिवशी दोनदा पुढे जाऊन मागे आलो. आत्या 86 वर्षांची. तिने स्टीलचा डबा काढला, वरची तूरडाळ परातीत ओतली आणि तळातून फडक्याची गाठ. आठही रुपये लखलखीत. चिंच, राख, वर्षानुवर्षं. राजाची दाढी गुळगुळीत झालेली. मी चिंचेबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलटे करून सालं वाचली. 1918, 1918, 1919, 1916, 1919, 1912, 1918, आणि एक वाचताच येईना. तीन टिंबाचे.

मग सगळं सांगितलं. अमेरिकेची ती बाई, तिच्या केसांतला कापूस, तिला आटवून केलेले रुपये, आणि आमचे 31. आत्या शांतपणे डाळ निवडत ऐकत होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो 31 चा नव्हताच. "मंग ती बाई कथी गयी?"

मी एक 1918 चा उचलून राजाच्या तोंडावर बोट ठेवलं. "इथे."

ती इतकी हसली की डाळ सांडली. हसून झाल्यावर रुपये परत गाठीत बांधले आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "लक्ष्मी कोनी इकस का?" रागाने नाही. खरंच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा झाला, शेवेची भाजी झाली, तो विषय पुन्हा निघाला नाही.

डॉलर मी सगळे विकले, असं लिहिता आलं असतं तर हे मनोगत जरा बरं दिसलं असतं. तसं झालेलं नाही. ते अजून आवडतात. फक्त अल्बम पुरा करायचा नाद सुटला. साठ-एक भोकं रिकामी आहेत आणि आता ती मला टोचत नाहीत. ते डॉलर इकडेच आले, रुपये होऊन, कुणाच्या माळेत, कुणाच्या डाळीच्या डब्यात. 1921 चा डॉलर अल्बमातून काढून मी सात रुपयांबरोबर एका लाकडी पेटीत ठेवला आहे. पुतण्या मागच्या वर्षी आला तेव्हा म्हणाला, "काका, यातला 1918 चा एक मला द्या, तिकडे नेतो." त्याला सांगितलं की शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेणं 1972 च्या कायद्यात बसत नाही. खरं कारण तेवढंच नव्हतं. एकदा तिकडून इकडे आलेली चांदी पुन्हा तिकडे पाठवायला माझा हात धजला नाही.

चिंचेबद्दल माझं मत अर्धंच बदललं आहे. नाणं घासू नये, हे मी अजूनही विचारणाऱ्याला सांगतो. पण न विचारणाऱ्याला सांगत नाही. आणि कडी डागलेल्या रुपयाला मेलेला म्हणत नाही. तो कुणाच्या तरी गळ्यात होता म्हणूनच मुशीतून वाचला.

सराफाने परत केलेला तो बत्तिसावा रुपया माझ्याजवळ आहे. दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर तोच असतो, कडीसकट. पिटमनचा कायदा कळल्यावर त्या रात्री मी धावत जाऊन त्याचं साल वाचलं होतं. एडवर्ड राजा, बिनमुकुटाचा. 1906.